नावावरून पान शोधणारा : हान्स पीटर लून

आपल्या वार्षिकांकात दरवर्षी दोन-तीन तरी चरित्रलेख असतात. त्यांत संत असतात, समाजसुधारक असतात, साहित्यिक असतात. या वर्षी मी ज्यांच्याविषयी लिहिणार आहे ते यांपैकी कोणीच नव्हते. कापडाचे धागे मोजण्याची पट्टी, आकड्यातील चूक पकडण्याचे यंत्र, ग्रंथालयाची सूची आणि संगणकाच्या पोटातील खतावणी एवढ्या गोष्टी एकाच माणसाने केल्या, हे मला कळले तेव्हा मी थक्क झाले. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे नाव चांगले परिचयाचे आहे. कला शाखेत मात्र ते घेतलेले मी कधी ऐकले नाही. म्हणून हा खटाटोप.

कला शाखेच्या द्वितीय वर्षातील मुलीला हे नाव कोठे भेटले, असे वाचक विचारतील. त्याचे उत्तर आमच्या घरात आहे. माझे वडील यंत्रमागावर आहेत व आई कांड्या भरते. आमच्या इचलकरंजीत मागावरची मजुरी पिकावर ठरते. हे शेतातले पीक नव्हे. एक इंच कापडात आडवे धागे किती बसले, तो आकडा म्हणजे पिक. पिक जास्त तर कापड दाट, मीटर कमी निघणार, म्हणून मीटरचा दर जास्त. वडील चौथीपर्यंत शिकलेले. रोजचे मीटर ते एका छोट्या वहीत लिहितात आणि आठवड्याच्या शेवटी मी बेरीज करून देते. हळूहळू गल्लीतल्या आणखी सात-आठ जणांचा हिशेब माझ्याकडे आला. घरात कॉलेजात जाणारी पहिली मी. तेव्हा हिशेब माझ्याकडे येणार हे ओघानेच आले.

मागच्या वर्षी आपल्या महाविद्यालयात संगणकाचा एक छोटा अभ्यासक्रम झाला. त्यात शिकवलेल्या पायथॉन भाषेत मी या हिशेबाचा प्रोग्रॅम करायचे ठरवले. प्रत्येक कामगाराच्या मीटरची एक यादी. पहिल्याची यादी-एक, दुसऱ्याची यादी-दोन, असे करत आठ याद्या केल्या. आठवड्याच्या मध्येच नववे काका आले आणि माझे घोडे अडले. प्रोग्रॅम उघडून आत नववी यादी लिहावी लागली. मग दहावी. मला वाटले, कामगाराचे नाव टाकताच त्या नावाची नवी यादी प्रोग्रॅमने आपली आपणच तयार केली तर किती बरे! शिकवणाऱ्या सरांना विचारले. ते म्हणाले की अशी चूक प्रत्येक नवशिक्या करतो. डब्यांना नवी नवी नावे देत बसू नये. एकच मोठा डबा घ्यावा आणि नावे त्याच्या आत चिठ्ठी म्हणून लावावीत. चिठ्ठी म्हणजे कामगाराचे नाव, आणि चिठ्ठीला बांधलेली त्याची यादी. नवा माणूस आला की नवी चिठ्ठी. प्रोग्रॅमला हात लावण्याचे कारण नाही. पायथॉनमध्ये या डब्याला डिक्शनरी म्हणतात.

मला हे लगेच पटले, कारण आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात खतावणी आहे. एक वही, आत प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावाचे पान आणि पानावर त्याच्या उधारीची यादी. नवे गिऱ्हाईक आले की कोरे पान उघडतात. दुकानदार काही नवी वही शिवून आणत नाही. पण खतावणीला पुढे अनुक्रमणिका असते. तिच्यात नाव शोधायचे, पानाचा आकडा पाहायचा, मग पान उलटायचे. संगणक ही अनुक्रमणिका चाळत बसतो का, असे मी विचारले. सर म्हणाले, नाही, तो नावावरूनच पानाचा आकडा काढतो. नावावरून आकडा! या उत्तराने माझी दोन रात्रींची झोप गेली. मग शोधता शोधता हान्स पीटर लून सापडले.

लून यांचा जन्म १ जुलै १८९६ रोजी जर्मनीतील बार्मेन येथे झाला. हे गाव आज वुपर्टाल शहराचा भाग आहे. फिती, नाड्या आणि कापड यांसाठी ते प्रसिद्ध होते. राज्यशास्त्राच्या मित्रांना ते दुसऱ्या एका कारणाने ठाऊक असेल. कार्ल मार्क्सचे सहकारी फ्रीड्रिश एंगल्स १८२० साली याच बार्मेनमध्ये जन्मले आणि त्यांच्या वडिलांच्या कापडाच्या गिरण्या होत्या. लून यांचे वडील मात्र मुद्रक होते, आणि त्या धंद्यातले नावाजलेले. मुलाने छापखान्यातच यावे अशी घरची योजना होती. त्यासाठी शालेय शिक्षण संपल्यावर त्यांना स्वित्झर्लंडमध्ये ते काम शिकायला पाठवले. छापखान्यात खिळे ज्या कप्प्यांत ठेवतात त्या प्रत्येक कप्प्याची जागा ठरलेली असते. जुळारी डोळे न लावता नेमका खिळा उचलतो. पुढे लून यांच्या डोक्यात जो विचार आला त्याचे मूळ या कप्प्यांत असेल काय, असे माझ्या मनात येते. पण हा माझा तर्क झाला.

मध्येच पहिले महायुद्ध आले. लून जर्मन सैन्यात संदेशवहन विभागात अधिकारी होते. युद्ध संपले, पण छापखान्याकडे ते वळले नाहीत. कापडधंद्यात शिरले आणि त्याच निमित्ताने १९२४ साली अमेरिकेला गेले. तेव्हा त्यांचे वय अठ्ठावीस होते. पुढचे सारे आयुष्य तिकडेच गेले.

अमेरिकेत त्यांनी केलेला पहिला नावाजलेला शोध वाचताना मी वडिलांना हाक मारली. तो शोध धागे मोजण्याच्या पट्टीचा होता! त्यांच्या नावावरूनच तिला लूनोमीटर म्हणतात. आमच्याकडे पिक मोजायचे म्हणजे कापडावर भिंग ठेवायचे, सुईच्या टोकाने एकेक धागा सरकवत मोजायचा. डोळे दुखतात आणि दोन माणसांनी मोजले तर दोन आकडे येतात. त्यावरून भांडणेही होतात. लून यांनी धागा मोजणेच टाळले. त्यांच्या पारदर्शक पट्टीवर अतिशय बारीक रेषा कोरलेल्या असतात आणि त्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हळूहळू दाट होत जातात. पट्टी कापडावर ठेवली की कापडाचे धागे आणि पट्टीच्या रेषा एकमेकांवर पडून सावल्यांची नक्षी उमटते. दोन मच्छरदाण्या एकावर एक धरल्या की लहरी दिसतात, तशीच. जेथे रेषांची दाटी धाग्यांच्या दाटीशी जुळते तेथे नक्षीचा मध्य येतो, आणि तेथला आकडा वाचला की झाले. एकही धागा न मोजता धाग्यांची संख्या कळते. ही पट्टी आजही विकत मिळते. वडिलांनी सगळे ऐकून घेतले आणि अशी पट्टी मालकाच्या हातात असावी की कामगाराच्या, एवढेच विचारले. मला उत्तर सुचले नाही.

या शोधावर लून यांनी स्वतःची सल्लागार कंपनी काढली. त्या काळात त्यांनी वाट्टेल त्या वस्तूंची पेटंटे घेतली. घडी घालून ठेवण्याचा रेनकोट त्यांत आहे. घरात कोणकोणती पेये शिल्लक आहेत ते पाहून त्यांपासून मद्याची कोणती मिश्रणे करता येतील हे दाखवणारे एक साधनही त्यांनी काढले होते. प्राध्यापकवर्ग क्षमा करील, पण हे साधन सोडून देण्यासारखे नाही. हाताशी असलेल्या गोष्टींवरून शक्य त्या गोष्टी शोधणे, हाच लून यांच्या पुढच्या सगळ्या कामाचा गाभा आहे. त्यांच्या नावावर आयुष्यभरात ऐंशीहून अधिक पेटंटे जमली.

१९४१ साली ते आय.बी.एम. कंपनीत संशोधक अभियंता म्हणून दाखल झाले. वय पंचेचाळीस. या वयात आपल्याकडे माणसे निवृत्तिवेतनाचा हिशेब मांडू लागतात. लून यांची जी कामे आज जगाला ठाऊक आहेत ती बहुतेक सगळी याच्या नंतरची.

आय.बी.एम.चा त्या वेळचा मोठा धंदा भोके पाडलेल्या कार्डांचा होता. एका कार्डावर एका माणसाची किंवा एका मालाची माहिती भोकांच्या रूपाने असे, आणि यंत्र कार्डे वाचून वेगळी करीत असे. १९४७ च्या सुमारास जेम्स पेरी आणि माल्कम डायसन हे दोन रसायनशास्त्रज्ञ कंपनीकडे एक अडचण घेऊन आले. रसायनांची संख्या इतकी वाढली होती, की अमुक रचनेचे रसायन आधी कोणी केले आहे काय हे शोधणे माणसाच्या आवाक्याबाहेर चालले होते. यंत्र शोधून देईल काय? हे काम लून यांच्याकडे आले. त्यांनी केलेले शोधयंत्र १९५१ साली रसायनशास्त्रज्ञांच्या मेळाव्यात दाखवण्यात आले. यंत्र कार्डांमागून कार्डे तपासत जाई आणि हवे ते वेगळे काढी.

यात एक उणीव होती. शोधायचे म्हणजे सगळे चाळायचे. लाख कार्डे असतील तर हवे ते सापडेपर्यंत सरासरी पन्नास हजार पाहावी लागणार. कार्डे वर्णानुक्रमे लावली तर काम फार हलके होते. मधले कार्ड पाहायचे, नाव अलीकडे की पलीकडे ते ठरवायचे, अर्धा गठ्ठा सोडायचा, पुन्हा मधले कार्ड पाहायचे. असे केले तर लाखांतून एक कार्ड सतरा पावलांत सापडते. मात्र गठ्ठा कायम क्रमाने ठेवावा लागतो, आणि नवे नाव आले की त्याच्यासाठी मध्ये जागा करावी लागते. नावे जेथे रोज नवी येतात, तेथे ही शिस्त महाग पडते.

जानेवारी १९५३ मध्ये लून यांनी कंपनीअंतर्गत एक टिपण लिहिले. त्यातील सूचना अशी, की क्रम सोडूनच द्यावा. माहिती कप्प्यांत टाकावी, आणि कोणती माहिती कोणत्या कप्प्यात जाईल हे त्या माहितीतल्याच आकड्यांवरून गणिताने ठरवावे. समजा एखाद्याचा दहा अंकी नंबर २७१८२८१८२८ आहे. त्याच्या जोड्या पाडायच्या : २७, १८, २८, १८, २८. प्रत्येक जोडीतील अंकांची बेरीज करायची : ९, ९, १०, ९, १०. दशक सोडून द्यायचे. उरले ९, ९, ०, ९, ०. म्हणजे हा माणूस ९९०९० क्रमांकाच्या कप्प्यात. कप्पे एकूण एक लाख. उद्या त्याची माहिती हवी झाली तर पुन्हा तेच गणित करायचे, तोच आकडा येणार, आणि सरळ त्या कप्प्याशी जाऊन उभे राहायचे. कोणतीही अनुक्रमणिका चाळायला नको.

नावांसाठी हेच मी वहीत करून पाहिले. वर्णमालेत क पहिला, ख दुसरा, असे आकडे दिले. कमल म्हणजे १, २५ आणि २८, बेरीज ५४. शेवटचा अंक ४, म्हणून कमल चौथ्या पानावर. पवन म्हणजे २१, २९, २०, बेरीज ७०, म्हणून शून्याच्या पानावर. मग छगन घेतले. ७, ३, २०, बेरीज ३०. तोही शून्याच्याच पानावर! मला वाटले, युक्ती फसली.

ती फसत नाही, आणि लून यांची खरी करामत मला येथेच वाटते. दोन वेगळी नावे एका कप्प्यात येणार हे त्यांनी धरूनच चालले होते. अशी नावे एकमेकांना साखळीने जोडावीत अशी सूचना त्या टिपणातच आहे. पहिल्याच्या शेवटी दुसरा कोठे आहे त्याचा पत्ता, दुसऱ्याच्या शेवटी तिसऱ्याचा. कप्प्याशी गेल्यावर त्या साखळीतील दोन-तीन नावे तेवढी ताडून पाहायची. साखळीने जोडलेल्या याद्यांचा संगणकातील हा अगदी सुरुवातीच्या उपयोगांपैकी एक मानला जातो. कप्पे पुरेसे ठेवले आणि गणित चांगले निवडले तर साखळ्या आखूडच राहतात. मग नावे शंभर असोत की लाख, शोधायला साधारण सारखाच वेळ लागतो.

मला यात गंमत वाटते ती अशी. आपल्याला लहानपणापासून शिकवले आहे, की वस्तू सापडायला हवी असेल तर ती नीट क्रमाने लावून ठेव. लून यांनी सगळे मुद्दाम विस्कटले. पवन आणि छगन यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, तरी ते शेजारी. आणि पवन व पवनकुमार, जे शब्दकोशात शेजारी असते, ते भलतीकडे. तरीही प्रत्येक जण क्षणात सापडतो. अर्थात याची किंमत आहे. अशा खतावणीतून सर्व नावे वर्णानुक्रमे वाचून दाखव म्हटले तर ते तिला आपोआप जमत नाही. ती वेगळी लावावी लागतात.

हे टिपण कंपनीच्या बाहेर छापले गेले नाही. त्याच सुमारास आय.बी.एम.च्या ७०१ या संगणकासाठी जीन अॅमडाल, एलेन मॅक्ग्रॉ, नॅथॅनियल रॉचेस्टर आणि आर्थर सॅम्युअल हे काम करीत होते. प्रोग्रॅम लिहिणारा जी नावे मनाने योजतो त्यांना संगणकातील जागा कशी नेमून द्यावी, या प्रश्नात ते याच कल्पनेच्या दुसऱ्या एका रूपापाशी पोहोचले. तेथे कप्पा भरलेला असेल तर पुढच्या मोकळ्या कप्प्यात जायचे अशी रीत होती. रशियात आंद्रेई एर्शोव्ह यांनाही ही रीत स्वतंत्रपणे सुचली. या विषयावरचा पहिला छापील लेख १९५६ साली अर्नोल्ड ड्यूमी यांनी लिहिला. म्हणजे लून यांची कल्पना जगापुढे आली ती दुसऱ्यांच्या हातून. तिला आज हॅश म्हणतात. इंग्रजीत त्याचा अर्थ चिरून एकत्र कालवलेले खाणे. हा शब्द छापील लिखाणात रुळला तो १९६० च्या दशकाच्या अखेरीस. तोवर लून हयात नव्हते.

त्यांचा दुसरा शोध लहान आहे, पण तो आपल्या सर्वांच्या खिशात असतो. लांबलचक नंबर लिहिताना माणूस एखादा अंक चुकवतो किंवा शेजारचे दोन अंक उलटे लिहितो. म्हणून नंबराच्या शेवटी एक राखणदार अंक बसवावा, अशी लून यांची योजना. समजा नंबर १८३५६ आहे. उजवीकडून सुरुवात करून एकाआड एक अंक दुप्पट करायचा. ६ चे १२, त्यांची बेरीज ३. पुढचा ५ तसाच. ३ चे ६. ८ तसाच. १ चे २. एकूण २४. पुढची दहाची पूर्ण संख्या ३०, तिला ६ कमी, म्हणून राखणदार ६ आणि पुरा नंबर १८३५६६. कोणी चुकून ५ आणि ३ यांची अदलाबदल केली तर बेरीज ३० न येता २३ येते आणि चोर सापडतो. फक्त ० आणि ९ शेजारी असतील तर त्यांची अदलाबदल या रीतीला कळत नाही. १९५४ साली लून यांनी यासाठी अर्ज केला तो हातात धरण्याच्या एका छोट्या यंत्रासाठी. पेटंट १९६० मध्ये मिळाले. आज बँकांच्या कार्डांवरील नंबर आणि प्रत्येक मोबाईलचा पंधरा अंकी नंबर याच रीतीने तपासला जातो.

आता कला शाखेच्या जवळचा भाग. कमवा व शिका योजनेत मी आपल्या ग्रंथालयात रोज दोन तास काम करते, त्यामुळे हा भाग मी जरा अधिक प्रेमाने वाचला. लून यांना दिसत होते की शास्त्रीय लेखांचा पूर आला आहे आणि सूची करणारी माणसे मागे पडत आहेत. लेखाचा विषय कोणी वाचून ठरवायचा, मग सूचीत लिहायचा, यात महिने जातात. लून यांनी ठरवले की लेखाचे शीर्षकच यंत्राला द्यावे. समजा शीर्षक आहे, नदीकाठच्या गावांतील मातीची भांडी. यंत्र हे शीर्षक चार वेळा छापील. एकदा नदीकाठ हा शब्द मधल्या ओळीत ठेवून, एकदा गाव, एकदा माती, एकदा भांडी. प्रत्येक वेळी शब्दाच्या दोन्ही बाजूंना बाकीचे शीर्षक दिसते, म्हणजे तो शब्द कोणत्या संदर्भात आला ते समजते. आणि, व, किंवा असे शब्द गाळायचे. पुन्हा तीच खतावणी. शब्द हे नाव, आणि त्याखाली तो शब्द असलेल्या लेखांची यादी. कोणते शब्द येणार हे आधी ठरलेले नाही. शब्द येईल तसे पान उघडते. १९५८ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या शास्त्रीय माहितीविषयक आंतरराष्ट्रीय परिषदेत हे काम लोकांसमोर आले, आणि १९६१ पासून रसायनशास्त्राच्या लेखांच्या शीर्षकांची सूची अशा पद्धतीने नियमित निघू लागली.

आपल्या भाषेला मात्र ही रीत जशीच्या तशी लागू पडणार नाही. इंग्रजीत शब्दाला शेपूट लहान असते. मराठीत गाव, गावाला, गावांतील, गावाकडचा असे एकाचे अनेक होतात आणि यंत्राला ते सगळे निराळे वाटतात. लून यांनी शब्द मोजण्याच्या दुसऱ्या एका कामात यावर थोडा उपाय केला होता. सुरुवात सारखी आणि शेवटची थोडीच अक्षरे वेगळी असतील तर दोन्ही एकच शब्द धरायचा. मराठीत याने भाग भागतो, पण पाणी आणि पाण्याचा येथे काय करायचे? व्याकरणाच्या तासाला सामान्यरूप शिकताना मला कंटाळा येत असे. आता तो येत नाही.

शब्द मोजण्याचे ते काम म्हणजे यंत्राने लेखाचा सारांश काढणे. तेही १९५८ चेच. नित्याचे शब्द गाळून लेखात वारंवार येणारे शब्द मोजायचे, आणि असे शब्द ज्या वाक्यांत दाटीने आले ती वाक्ये उचलून एकाखाली एक छापायची. मज्जासंस्थेवरील एका लेखावर त्यांनी हा प्रयोग करून दाखवला. येथे मात्र माझे लून यांच्याशी पटत नाही. शास्त्रीय लेखात लेखक आपला मुख्य शब्द पुन्हा पुन्हा वापरतो, त्यामुळे तेथे हे चालते. कथेत जी गोष्ट सर्वांत महत्त्वाची ती लेखक पुष्कळदा एकदाच सांगतो, किंवा सांगतच नाही. तेथे मोजणारा फसणार. परीक्षेच्या आदल्या रात्री आपण ज्या मार्गदर्शिका वाचतो त्याही अशाच मोजून काढलेल्या असाव्यात, अशी मला शंका आहे. तथापि लून यांनी यंत्राला अर्थ कळतो असा दावा केला नव्हता. अर्थ न कळताही काही काम होते, एवढेच ते दाखवत होते.

त्याच वर्षी त्यांनी आणखी एक योजना मांडली. संस्थेतील प्रत्येक माणसाला कोणत्या विषयांत रस आहे त्याची शब्दांची यादी त्याच्या नावाखाली ठेवायची, आणि नवा लेख आला की तो ज्याच्या यादीशी जुळेल त्याच्याकडे आपोआप पाठवायचा. माणसाने माहितीकडे जायचे नाही, माहितीने माणसाकडे यायचे. ग्रंथालयशास्त्रात ही सेवा पुढे चांगली रुजली. आपल्या हातातील मोबाईल आपल्याला काय आवडते ते ओळखून एकामागून एक गोष्टी पुढे टाकतो, तो याच विचाराचा वंशज. फरक असा, की लून यांच्या योजनेत यादी वाचणाऱ्याच्या कामासाठी होती.

१९६१ साली लून आय.बी.एम.मधून निवृत्त झाले. पण काम थांबले नाही. माहितीशास्त्रातील लोकांच्या अमेरिकन डॉक्युमेंटेशन इन्स्टिट्यूट या संस्थेचे ते १९६४ साली अध्यक्ष होते. त्याच वर्षी १९ ऑगस्ट रोजी न्यूयॉर्क राज्यातील आरमाँक येथे त्यांचे निधन झाले. वय अडुसष्ट. पुढे १९७७ च्या ऑक, १९८७ च्या पर्ल आणि १९९१ च्या पायथॉन या भाषांत नावाखाली माहिती ठेवण्याची सोय भाषेतच बांधून दिली गेली. आता नवशिक्या मुलगीही दोन ओळींत खतावणी उघडते आणि आत काय चालले आहे ते तिला दिसतही नाही.

माझ्या खतावणीचे पुढे काय झाले तेही सांगते. पहिल्याच आठवड्यात वडिलांची मजुरी जवळजवळ दुप्पट दिसली. घरात आनंद झाला. पण आईने भरलेल्या कांड्यांवरून अंदाज बांधला आणि एवढे कापड निघणेच शक्य नाही असे ठरवून टाकले. तपासले तर वडिलांच्याच नावाचे दुसरे एक काका यादीत होते. त्यांचे सगळे मीटर वडिलांच्या नावाखाली गेले होते आणि त्यांच्या हाती शून्य येत होते. दोन वेगळी नावे एका कप्प्यात आली तर लून यांची साखळी सांभाळून घेते. पण दोन माणसांचे नाव एकच असेल तर खतावणीच्या लेखी तो एकच माणूस. ही चूक माझी होती, यंत्राची नव्हे. ते काका काही बोलले नाहीत, पण पुढचे दोन आठवडे त्यांनी आपला हिशेब माझ्याकडे दिला नाही.

म्हणून मी प्रत्येकाला नावाऐवजी नंबर दिला, आणि नंबराच्या शेवटी लून यांचा राखणदार अंक बसवला. वडिलांचा नंबर १०१६ आहे. त्यांनी तो आपल्या छोट्या वहीच्या पहिल्या पानावर, नावाच्या खाली, लिहून ठेवला आहे. काकांचा १०२४. तो त्यांच्या वहीत मी स्वतः जाऊन लिहून आले.